उणे ऐंशीतला स्वेटर

आधीच सांगून ठेवते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो, उरलेले सहा दात पडोत, आणि सूनबाईच्या हातचा चहा मला जन्मभर प्यावा लागो. याहून मोठी शपथ मला ठाऊक नाही.

एवढं घसा फोडून सांगावं लागतं, कारण आमच्या घरात माझ्या बोलण्याला दोनाने भागायची पद्धत आहे. मी म्हटलं चार पाहुणे आलेत, की मुलगा दोनच कप काढतो. पण ही गोष्ट भागू नका. हिचा पुरावा आहे, आणि तो माझ्याकडे नाही, सरकारी खर्चाने सांभाळलेला आहे.

माझी नात शास्त्रज्ञ आहे. जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून तिचं नाव पडलं चिमटी. आता सव्वीस वर्षांची घोडी झालीय, पण काम करते तेही चिमटीभरच. लोकांच्या रक्ताचा एक थेंब घ्यायचा, त्यातल्या प्रथिनांचे तुकडे करायचे, आणि एका यंत्रात तो एकेक तुकडा तोलायचा. यंत्राचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. प्रयोगशाळेतली सगळी जणं त्याला सासूबाई म्हणतात. मी विचारलं का, तर चिमटी म्हणाली, "आजी, त्यांना थंड खोली लागते, धूळ चालत नाही, रोज पूजेसारखी सफाई लागते, आणि कितीही केलं तरी महिन्यातून एकदा रुसतात."

"मग यात सासूसारखं काय? मी कधी रुसले?"

सूनबाई भांडी घासत होती. तिने पाण्याचा नळ मोठा केला.

तुकड्यांच्या वजनावरून मूळ प्रथिन कोणतं ते ओळखायचं, हे मला चिमटीने असं समजावलं: शेजारच्या घरात कप फुटला, तुला फक्त खापऱ्या आणून दिल्या, तर त्या तोलून सांगायचं की कप कुणाच्या कपाटातला. मी म्हटलं, हे तर मी न तोलता सांगते. ती म्हणाली, "तू सांगतेस, पण ते खरं नसतं."

साडेतीन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे होती. काही लोकांची मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात आणि कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांच्या रक्तात आधीच काही खूण सापडते का, ते बघायचं. चाळीस आजारी माणसांचं रक्त, चाळीस धडधाकट माणसांचं. खूण सापडली तर चिमटीच्या नावापुढे डॉक्टर लागणार, आणि तिच्या मॅडमची प्रयोगशाळा टिकणार. नाही सापडली, तर साडेतीन वर्षं पाण्यात.

एका संध्याकाळी ती घरी आली आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात फरशीवर बसली. तोंड पांढरंफटक. मला वाटलं कुणी गेलं.

"आजी, सापडलं."

"काय सापडलं?"

"तीन तुकडे. चाळीसच्या चाळीस आजाऱ्यांत आहेत. धडधाकट चाळिसांत एकातही नाहीत. असं कधी होत नसतं, आजी. कधीच नसतं होत."

मी तिला साखर घालून पाणी दिलं. ती म्हणाली, मॅडमनी सांगितलंय, कुणाला बोलायचं नाही. मी म्हटलं, मी का बोलेन. आणि खरंच, आमच्या जिन्यातली सात घरं सोडली तर मी कुणालाही बोलले नाही.

आता यांच्या धंद्यातली एक रीत ऐका. काही नवं सापडलं, की पहिला संशय स्वतःवर घ्यायचा. आपलाच केस तर पडला नाही ना नळीत, आपल्याच कातडीचा कोंडा तर नाही ना. केसांत, नखांत, लोकरीत एक प्रथिन असतं, केराटिन नावाचं, आणि ते जिथेतिथे उडत असतं. आगंतुक पाहुण्यासारखं. म्हणून त्यांच्या संगणकात अशा आगंतुकांची यादी केलेली असते: माणसाची कातडी, मेंढीची लोकर, असं बरंच. यादीतलं काही दिसलं, की संगणक स्वतःच त्यावर काट मारतो.

चिमटी कामाला चोख. दुसऱ्या दिवशी वही घेऊन सगळ्यांना विचारत सुटली. तू कोणतं क्रीम लावतेस, तुमच्या टोपीचं कापड कसलं. यंत्र सांभाळणारे एक काका आहेत, त्यांना पंपवाले म्हणतात, त्यांच्या मिशीचासुद्धा केस तिने तपासला. मग माझ्याकडे आली.

"आजी, हा स्वेटर कसल्या लोकरीचा?"

स्वेटर मीच विणलेला. राखाडी-पांढरा, भरदार, लांब बाह्यांचा. ती संशोधनाला लागली तेव्हा म्हणाली होती, नमुने तयार करायची खोली हिवाळ्यात बर्फ असते, बोटं चालत नाहीत. मी पंधरा दिवसांत विणून दिला. तिने तो तीन हिवाळे पांढऱ्या कोटाच्या आत घातला, आणि बाह्या कोटाच्या बाहेर दोन बोटं डोकावायच्या.

"मेंढीची," मी म्हटलं. "उंच डोंगरावरच्या मेंढीची. तो मेंढपाळ वर्षातून एकदाच खाली उतरतो."

"डोंगर राहू दे. मेंढीच ना? नक्की?"

"शंभर नंबरी."

तिने वहीत लिहिलं: मेंढी. मेंढी यादीत होतीच. विषय मिटला.

आता मला जरा पाणी पिऊ द्या.

चिमटी अकरा वर्षांची होईपर्यंत आमच्याकडे एक कुत्रा होता. इतका केसाळ की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते बिस्कीट दाखवल्यावर कळायचं. नाव गालिचा. चिमटी त्याच्या अंगावर डोकं ठेवून अभ्यास करायची. तो गेला तेव्हा पोर चार दिवस जेवली नाही, आणि सूनबाईने सांगितलं, आई, आता या घरात कुत्रा नाही आणि कुत्र्याचा केससुद्धा नाही. तिला केसांनी शिंका यायच्या, तिचंही खोटं नव्हतं.

पण मी गालिचाला रोज विंचरायची, आणि विंचरलेला एक केस कधी टाकला नव्हता. चांगला मऊ कापसासारखा माल, टाकवतो कसा? उशीच्या दोन अभ्र्यांत गच्च भरून माझ्या पलंगाखाली ठेवला होता. सूनबाईला सांगितलं होतं, माझ्या जुन्या उश्या आहेत. पंधरा वर्षं ती त्यांच्याभोवती झाडू मारत आली. चिमटीला थंडी वाजते म्हटल्यावर मी एक अभ्रा उसवला, केस धुतले, पिंजले, टकळीवर कातले आणि विणले. घरात विचारलं तर मेंढी. एकदा मेंढी म्हटलं की मेंढीच. थाप मारणं सोपं असतं, पण नंतर ती पाळावी लागते, पाळलेल्या जनावरासारखी.

तरी मला काय ठाऊक त्याचा रक्ताशी संबंध येईल. मला वाटलं, स्वेटर आहे, ऊब देतोय.

लेख तयार झाला. एका मोठ्या परिषदेला पाठवायचा होता, शुक्रवारी दुपारी बाराच्या आत. बारानंतर दार बंद, मग वर्षभर थांबा. बुधवारी मॅडम म्हणाल्या, एकदा खात्रीसाठी सगळ्या प्राण्यांच्या नोंदींशी ताडून बघ. आतापर्यंत फक्त माणसाशी आणि त्या यादीशीच ताडलं होतं. संगणक रात्रभर चालला.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. चिमटी घास हातात धरून म्हणाली, "गंमत माहितेय का, ते तीन तुकडे कुणाशी जुळतात? कुत्र्याशी."

माझा घास गळ्यात अडकला. सूनबाईने पाठीत दोन घातले, जरा जास्तच जोरात.

"कुत्र्याशी?" माझा मुलगा म्हणाला. "माणसाच्या रक्तात कुत्रा कुठून आला?"

"आम्हीही हबकलोच. सगळ्यांना विचारलं. अख्ख्या खात्यात पाळलेलं जनावर एकच, पंपवाल्यांचा मासा. मग मॅडमनी दिवसभर विचार केला. त्या म्हणतात, हे कुत्र्याचं नाहीच. आजारात माणसाच्याच प्रथिनात बदल होतो, आणि बदलून ते कुत्र्याच्या प्रथिनासारखं दिसायला लागतं. म्हणजे आपल्याला वाटलं त्यापेक्षाही मोठं निघालं हे. लेखाचं नावसुद्धा बदललंय."

मी आयुष्यभर थापा मारल्या. एकदा तर मी विहिरीत पडले आणि दुसऱ्या गावच्या विहिरीतून निघाले, असं सांगून अख्खा वर्ग गप्प केला होता. पण आजारी माणसाच्या रक्तात आतून कुत्रं जागं होतं, एवढी मोठी मलाही कधी सुचली नसती. आणि माझ्या थापा निदान सही करून छापून तरी येत नाहीत.

"आपल्याकडे होता ना गालिचा," चिमटी म्हणाली. "पण त्याला जाऊन पंधरा वर्षं झाली. नाहीतर त्याच्यावरच आळ घेतला असता."

सगळे हसले. मी पाणी प्यायले. दोन पेले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नुसतं विचारलं, "मला एक सांग, धडधाकट लोकांचं रक्त कधी तयार केलंस?"

"उन्हाळ्यात. का गं?"

"आणि आजाऱ्यांचं?"

"हिवाळ्यात. खरं तर मिसळून करायला हवं होतं, पण इस्पितळाचा डीप फ्रीजर बंद पडायला आला होता, म्हणून आजाऱ्यांचं आधी उरकलं. का विचारतेस?"

"सहज," मी म्हटलं.

उन्हाळ्यात कोण स्वेटर घालतं? पायाखालची फरशी सरकते म्हणतात ती अशी. सरकली, आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत खाली गेले.

सकाळी उठले तर चिमटी निघून गेलेली. घड्याळात नऊ वाजून दहा. फोन लावला, तर तो त्या थंड खोलीत नेऊ देत नाहीत, बाहेरच्या कपाटात वाजत राहिला. मी पलंगाखालचा दुसरा अभ्रा ओढून काढला, पिशवीत कोंबला आणि बस पकडली.

त्यांच्या दारावर पहारेकरी आहे. म्हणाला, "आजी, पिशवीत काय?"

"कुत्रं."

त्याने पिशवीकडे बघितलं. पिशवी हलत नव्हती. "मेलेलं?"

"पंधरा वर्षांपूर्वी."

त्याने मला आत सोडलं. मला वाटतं, मी कुणाची तरी पेशंट आहे असं त्याने धरलं.

तिसऱ्या मजल्यावर ती खोली. आत सासूबाई बसलेल्या, कपाटाएवढ्या, करड्या, खालचे पंप घर्रघर्र घोरत होते. शेजारी संगणक, त्याच्यापुढे चिमटी आणि मॅडम. मॅडम पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, कपाळावर चष्मा, आणि तोच चष्मा त्या टेबलावर शोधत होत्या. पंपवाले कोपऱ्यात स्टुलावर. पडद्यावर लेख उघडा. अकराला पाच मिनिटं कमी.

"आजी? तू इथे कशी?"

मी सगळी वाक्यं बसमध्ये पाठ केली होती. तोंडातून भलतंच आलं. "तो स्वेटर गालिचाचा आहे."

पंप तेवढे घर्रघर्र.

"गालिच्याचा म्हणजे?" मॅडमनी विचारलं. "सतरंजी उसवून केलात?"

"कुत्र्याचा," मी म्हटलं. "आमच्या कुत्र्याचं नाव गालिचा. हे उरलेले केस." आणि अभ्रा टेबलावर ठेवला.

मॅडम एकदम मागे सरकल्या, जणू मी टेबलावर साप ठेवला. पंपवाल्यांनी उठून आधी खोलीचं दार लावलं, मग विचार करून ते परत उघडलं, आणि अभ्रा दोन बोटांत धरून बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवला. परत येऊन म्हणाले, "काखेत कळसा म्हणतात तो हा. बाहीतून गळत होता, आणि आपण माझी मिशी तपासली."

चिमटी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादं माणूस बसमधून उतरतं आणि बस निघून गेल्यावर त्याला आठवतं की बाळ आतच राहिलं, तसं.

"तू मेंढी म्हणालीस," ती म्हणाली. "मी वहीत लिहिलं."

"हो."

"मी दोनदा विचारलं. नक्की का म्हणून विचारलं."

"हो गं."

मॅडमनी कपाळावरून चष्मा काढला, पुसला, परत कपाळावरच लावला. "हे बघा, हा फक्त एक अंदाज आहे. आजींच्या म्हणण्याला काही पुरावा नाही. केस तपासून निकाल यायला चार वाजतील. दार बाराला बंद होतं. आत्ता पाठवू या, काही चुकलं असेल तर मागाहून दुरुस्ती कळवता येते."

खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मोठी शिकलेली बाई म्हणतेय पाठवा, तर माझं काय जातं?

"मॅडम," चिमटी म्हणाली, "कुणीतरी हे वाचून खऱ्या आजाऱ्याचं रक्त तपासेल."

"मला समजतं ते."

"तुकडे दिसले नाहीत, तर त्याला सांगतील, तुला काही झालेलं नाही, घरी जा."

मॅडम सात वर्षं त्या खोलीसाठी झगडत होत्या, मला नंतर कळलं. संगणकाची कळ त्यांच्या हाताशी होती, चिमटीच्या नव्हती. चिमटीने फक्त हातमोजे घातले, बाहेर गेली, अभ्र्यातून चिमटीभर केस काढले आणि कामाला लागली. एरवी केस विरघळवून त्यांचे तुकडे करायला रात्र लागते. तिने घाईची रीत वापरली.

बारा वाजले तेव्हा आम्ही चौघंही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. मॅडमचा हात कळीवर नव्हता. दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. काटा पुढे सरकला. पडद्यावर एक ओळ आली, मुदत संपली.

"चहा घ्या आजी," पंपवाले म्हणाले. "आता काय घाई नाही."

चारला दहा मिनिटं कमी असताना सासूबाईंनी पहिला आकडा दिला. पडद्यावर रेघा उठतात, डोंगरासारख्या. चिमटीने वर आजाऱ्यांच्या रेघा लावल्या, खाली अभ्र्यातल्या. एक डोंगर डोंगराखाली बसला. दुसरा बसला. तिसऱ्याला मी मनात म्हणाले, तू तरी चूक. तोही बसला, केसाइतका फरक नाही.

मॅडमच्या तोंडून फक्त "अरे देवा" निघालं, तेही हळू. पंपवाल्यांनी स्टूल पुढे ओढलं. मी शेजारी बघितलं. माझी नात पडद्याजवळ गेली होती, इतकी जवळ की नाक लागावं. तिने खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"गालिचा?" ती म्हणाली.

साडेतीन वर्षं गेली होती. पण तिच्या आवाजात पोर अकरा वर्षांची होती. मेलेलं जनावर तिच्या दंडाला, तिच्या मनगटाला तीन हिवाळे बिलगून होतं आणि तिला पत्ता नव्हता. ओळखलं कुणी, तर यंत्राने.

मग तिने खुंटीवरचा स्वेटर काढला, अंगात घातला, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि हसली. म्हणाली, "आजी, घरी चल."

पुढचं थोडक्यात सांगते. तिने ऐंशीच्या ऐंशी नमुने पहिल्यापासून केले, आजारी-धडधाकट मिसळून, सुती सदऱ्यात, दात वाजवत. दहा महिने लागले. ते तीन डोंगर गेले. त्यांच्या जागी एक बारीकसा फरक उरलाय, इतका बारीक की मलासुद्धा फुगवून सांगता येत नाही. त्यावरच आता काम चालू आहे. मॅडमची खोली टिकली, एक यंत्र कमी झालं. आणि चिमटीने सगळी चूक जशीच्या तशी लिहून छापली, दीड पानाची, आपल्या नावाने. ते वाचून आगंतुकांच्या यादीत कुत्र्याच्या केसाची भर पडली. आता कुठल्याही देशात कुणाच्या नळीत कुत्र्याचा केस पडला, तर संगणक स्वतःच काट मारतो. सूनबाईने पलंगाखाली वाकून बघायला सुरुवात केलीय.

सगळं खरं आहे. फक्त एक गोष्ट मी घातली.

ती हसली नाही. स्वेटर अंगातही घातला नाही. हातमोजे घालूनच तो खुंटीवरून काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला, तोंड बंद केलं, वर मार्करने आकडा आणि तारीख लिहिली, आणि त्यांच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवून दिला, उणे ऐंशी अंशांत. पुरावा म्हणून. तो अजून तिथेच आहे, हवं तर जाऊन बघा. बसमध्ये ती माझ्यापासून दोन सीट पुढे बसली. एकोणीस दिवस एक शब्द बोलली नाही. मी जेवायला बसले की ताट उचलून आत जायची.

विसाव्या दिवशी मी पलंगावर बसून तुरट चहा पीत होते. ती दारात आली, आत आली नाही.

"त्या अभ्र्यात," तिने विचारलं, "अजून किती उरलाय तो?"